सहा मिनिटं आणि चाळीस पायऱ्या

३ जून

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नये. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. दोन वर्षं झाली, आपली गाठ नाही. तुला जिना उतरवत नाही, मला चढवत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला धाप लागते, म्हणून हा कागद.

तीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढली, ती छातीत बसली. वजन चाळीस किलो भरलं. एवढ्या वजनाचं पोतं मी एका हातानं ओढायचो. डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केलीत. अंगावर मांस चढून चालायला बळ येतं का, ते बघायचंय म्हणाले. सहा मिनिटं चालवून अंतर मोजतात. १८० मीटर झालं. वाढलं तरच तुझ्या चाळीस पायऱ्यांचं बोलू म्हणाले. इंजेक्शनानं काही भलतंच झालं तर, या विचारानं झोप लागत नाही.

लोभ आहेच, माझ्या रडगाण्यानं तो कमी करू नये.

तुझा धाकटा


१० जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

गुडघे जागेवर आहेत, तुझ्यासारखीच कुरकुर करतात. लहानपणी सुई तुला टोचायची आणि रडायचे मी. आता मी जवळ नाही, तेव्हा तुझं तूच निभाव. खिडकीशी तुझी खुर्ची ठेवली आहे. पाहुण्यांना पलंगावर बसवते. पोटभर जेव आणि ये.

वाट बघणारी,
ताई


८ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वजन बेचाळीस झालं. सदरा खांद्यावर नीट बसतो, सूनबाई म्हणाली गाल दिसायला लागले. पण चालणं १८३, म्हणजे होतं तिथंच. चालवणाऱ्या बाई भल्या आहेत. दर मिनिटाला मागून छान चाललंय म्हणतात. मी थांबतो, वळून आभार मानतो, मुलंबाळं कशी आहेत विचारतो आणि मग पुढे निघतो. त्यांच्या भलेपणाचाही काही उपयोग झाला नाही. आता माझी वाट बघू नकोस.

लोभ मात्र सोडू नये.

धाकटा


१५ सप्टेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे, बोलणाऱ्याकडे पाठ करून जाऊ नये हे बाबांनी शिकवलं ते खरं, पण तुझ्या गप्पा होईपर्यंत त्या बाईंचं घड्याळ थांबतं का? तुला दम लागला समजून ती विश्रांती लिहीत असणार. जाऊन सगळं सांग. लाजू नकोस.

ताई


२४ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. दोन्ही वेळा त्यांनी पाच-पाच विश्रांती लिहिल्या होत्या. पुन्हा चालवलं. त्या बोलत राहिल्या आणि मी पाठ करून चालत राहिलो, फार ओशाळलो. २२० झालं.

मी हरखलो. पण डॉक्टर म्हणाले, जूनमध्ये न थांबता चालला असता तर तेव्हाही एवढंच भरलं असतं. इंजेक्शनानं मांस दिलं, दम दिला नाही. ती बंद केली. चाळीस पायऱ्या नकोत म्हणाले. दर पाचांना थांबून वीस चालतील. वीस म्हणजे तुझ्या जिन्याचं मधलं वळण. तिथवर येऊन तुझ्या बंद दाराकडे बघून परत फिरू का?

धाकटा


२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

शेजारीण हात धरते आणि मी बसत बसत उतरते. सोमवारी सात पायऱ्या झाल्या, काल तेरा. कोणी हसलं तर हसू दे. रविवारी सकाळी दहाला खालून तू निघ, वरून मी निघते. जो आधी पोचेल त्यानं वळणावर बसून घ्यावं. दुसऱ्याला घाई करू नये.

तुझी ताई