दुसरा गिअर आणि सेंधव्याचा घाट

शेळगाव, ता. इंदापूर
पौष वद्य पंचमी (इंग्रजी तारीख चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा गाडीत राहिलाय)

तीर्थरूप दाजी यांस,

आनंदचा साष्टांग नमस्कार. (हल्ली साष्टांग घातला तर उठवायला माणूस लागतो, म्हणून कागदावरच घालतो. मानून घ्यावा.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. राजलक्ष्मीचे गुडघे थंडीत कुरकुरतात, मी बाराही महिने कुरकुरतो, असं तिचं म्हणणं. तुमची खुशाली विचारायला फोन करावा, तर अक्का फोन तुमच्या कानाला लावते, तुम्ही "हं" म्हणता आणि फोन तिला परत देता. मी तीस वर्षं शाळेत पोरांच्या "हं"चे अर्थ लावत आलो, पण तुमच्या "हं"चा काही अर्थ लागेना. म्हणून पत्र लिहितो. पत्राला "हं" म्हणून भागत नाही, ते वाचावं लागतं.

अक्कानं सांगितलं ते आडपडदा न ठेवता लिहितो. दिवाळीतल्या दुखण्यानंतर तुम्ही घराचा जिना उतरलेला नाही. डॉक्टर म्हणतात सगळं ठणठणीत आहे, चाला, फिरा. तुम्ही म्हणता, आता कुठं जायचं राहिलंय? तेही एक वेळ मी ऐकून घेतलं असतं, पण गेल्या महिन्यात तुमचा निरोप आला की शेळगावची गाडी भंगारात देऊन टाका. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. (राजलक्ष्मी म्हणते दोन भाकरी गेल्या. एरवी तीन जातात.) तेव्हाच ठरवलं की गाडी भंगारात द्यायची नाही, दुरुस्त करायची आणि सहाशे किलोमीटर चालवत इंदूरला तुमच्या दारात आणून उभी करायची. मग बघू कसे जिना उतरत नाही ते.

आता गाडीची हकीकत. बारामतीची नोकरी सोडून तुम्ही इंदूरला गेलात, तेव्हा ही लाल, दोन सीटची, टप मागं दुमडणारी गाडी "चार दिवस राहू दे" म्हणून आमच्या गोठ्याशेजारी लावलीत, त्याला बावीस वर्षं झाली. आमच्या आईनं, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, त्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "जावयाच्या जागंवर कुणी बसायचं न्हाय." त्यामुळं पोरंटोरं खेळली ती डाव्या सीटवर. स्टिअरिंगच्या सीटवर बावीस वर्षांत एक कोंबडी सोडून कुणी बसलेलं नाही (आणि तिलाही आईनं उठवलं). दर दसऱ्याला गाडी धुवायची, गंध लावायचं, झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं. गाडी हलायचीच नाही, त्यामुळं लिंबू पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच वाळत राहायचं. आई गेल्यावर हे काम राजलक्ष्मीकडं आलं. एवढी पूजा झालेली आणि एवढी कमी चाललेली गाडी अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल.

तुमच्या जागेवर बसताना, दाजी, मी आधी आईच्या फोटोला विचारून आलो.

दुरुस्तीला आमचा माऊली आणला. चौकात त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. हात सोन्याचा, पण आयुष्यात ट्रॅक्टर सोडून दुसरं काही उघडलेलं नाही. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाला, "गुरुजी, ही गाडी हाय का घोरपड?" मग इंजिन उघडून म्हणाला की हिला ओढायची ताकद न्हाय, नुसती पळती. पळणं हा गाडीचा दोष असतो हे मला त्या दिवशी कळलं. पण माणूस जिद्दीचा. पंधरा दिवस त्यानं इंजिनाचा एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन गोणपाटावर मांडला. पेट्रोलची नळी कुजली होती, तिथं फवारणीच्या पंपाची नळी बसवली. हॉर्न ट्रॅक्टरचा लावला, त्यामुळं आता लोक मागं वळून आधी वर बघतात आणि मग खाली. टपाचं कापड उंदरांनी संपवलं होतं. शेततळ्याच्या अस्तराचा काळा कागद उरला होता, तो मंडपवाल्या दत्तोबानं मापात शिवून दिला. पाणी थेंबभर आत येत नाही. मात्र दत्तोबाला वाटलं की नुसता काळा रंग अशुभ दिसतो, म्हणून त्यानं आपल्या मनानं कडेला लग्नमंडपाची झालर लावली आहे. काढायला सांगायचा धीर झाला नाही, कारण लावून झाल्यावर तो लांब उभा राहून बराच वेळ बघत होता.

एवढं झाल्यावर लांबच्या प्रवासाआधी नरसिंहपूरला दर्शन घेऊन यावं, म्हणजे चाचणीही होईल, असं राजलक्ष्मीचं म्हणणं पडलं. निघालो. गाडी सुरेख चालली. फक्त तेव्हा मागचा, म्हणजे रिव्हर्सचा गिअर पडत नव्हता आणि मी म्हटलं, देवाला जाताना मागं कशाला यायचंय? कारखान्याच्या फाट्याला मात्र उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. पुढं आमच्याच गावच्या गेणबाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आमच्या मागं तसाच दुसरा. दोन्ही बाजूला पाण्याची चारी. थांबावं तर मागचा ढकलतो, वळावं तर जागा नाही, मागं यावं तर गिअर नाही. असे आम्ही रांगेसोबत सरकत सरकत कारखान्याच्या फाटकातून आत गेलो आणि थेट वजनकाट्यावर चढलो.

काट्यावरच्या कारकुनाच्या खिडकीतून आमची गाडी दिसतच नव्हती, ती खिडकीच्या खाली. त्याला दिसत होता फक्त आकडा. त्यानं आतूनच विचारलं, ऊसतोडीची टोळी कुणाची? मी काही बोलायच्या आत राजलक्ष्मीनं खालून सांगितलं की माझीच म्हणा. आठ क्विंटल नव्वद किलोची चिठ्ठी आली, नाव गेणबाचं. (कारकुनाला वाटलं, गेणबानं मागं एक छोटी ट्रॉली जोडलीय.) काट्यावरून उतरलं की रस्ता एकच, तो गव्हाणीकडं जातो, जिथं ऊस आत ओढून घेतात. तिथल्या माणसानं साखळी हातात घेतली, झालर बघितली आणि साखळी खाली ठेवली. मग सगळे जमले. बाहेर पडायला पुन्हा काट्यावर, रिकाम्या गाडीचं वजन द्यावं लागतं. दिलं, तर तेच आठ क्विंटल नव्वद. कारकून म्हणाला, शून्य ऊस कॉम्प्युटर घेत नाही, काहीतरी उतरवा. उतरवण्यासारखं एकच होतं. राजलक्ष्मी उतरली आणि चिठ्ठीवर ऊस पडला सत्तर किलो.

ती चौसष्ट सांगत आली आहे. काटा दहा-दहा किलोनं मोजतो, हे मी घरी येईपर्यंत समजावत होतो. संध्याकाळी गेणबा चिठ्ठी घेऊन दारात उभा, म्हणतो, "गुरुजी, काकूंचं वजन माज्या नावावर लागलंय, आता कसं करायचं?" माणूस प्रामाणिक, पण वेळ चुकीची. दर्शन राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर माऊलीनं रिव्हर्स बसवला. आता गाडी पुढं जाते, मागं येते, थांबते, वाजते. सामानाला जागा म्हणाल, तर डिकीत एक गुळाची ढेप बसते आणि अक्कासाठी ठेवलेलं ज्वारीचं पोतं बाहेर राहतं, पण त्यातूनही मार्ग काढू. दुसऱ्या गिअरची जरा तक्रार आहे, ती किरकोळ. पुढच्या महिन्यात चांगला दिवस बघून निघतो.

अक्कास नमस्कार, तुमच्या नातीला, इराला, आशीर्वाद. तिचा अभ्यास कसा चाललाय, ते तिलाच लिहायला सांगा.

आपला मेहुणा,
आनंद

ता.क. दुसऱ्या गिअरची तक्रार किरकोळ नाही. तो पडतच नाही. पहिल्यावरून एकदम तिसरा टाकला की गाडी आचके देऊन बंद पडते. सपाटीला कसंही भागेल, पण धुळ्याच्या पुढं सेंधव्याचा घाट आहे, तो दुसऱ्या गिअरशिवाय चढणार नाही. माऊलीनं हात टेकले. म्हणाला, "ज्याच्या हाताची सवय हाय, त्याला बोलवा." तुम्ही दांडा गुडघ्याकडं ओढून काहीतरी करायचात, ते मला बघून आठवतं, पण हाताला येत नाही. तेव्हा गाडी इंदूरला येत नाही, दाजी, तुम्हीच इकडं यायचंय. अनिमेषशी बोललोय. येत्या शनिवारी तो तुम्हा दोघांना त्याच्या गाडीतून आणून सोडतो. तुम्ही फक्त जिना उतरायचा, बाकी सगळं लेकाकडं. परत जाताना अक्का आणि ज्वारीचं पोतं अनिमेषबरोबर, आणि तुमच्या जागेवर तुम्ही. मी डाव्या सीटवर बसून येतो.

ता.क. दुसरा. नाही म्हणायचं असेल तर फोनवर "हं" म्हणू नका, पत्रानं कळवा. चार ओळी तरी लिहाव्या लागतील.

दाजींस राजलक्ष्मीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून खाली लिहिते. दुसरा गिअर आठ दिवसांपूर्वीच दुरुस्त झाला. आम्ही रोज सकाळी पळसदेवपर्यंत जाऊन येतो, गाडी पाण्यासारखी चालते. यांना ती इंदूरला सहज आणता येईल. पण यांना भीती वाटते की तुम्ही वरूनच गाडी बघाल, "हं" म्हणाल आणि आत जाऊन बसाल. तसं झालं तर हे परत येताना गाडी चालवू शकणार नाहीत. त्यांना तुमच्याशिवाय मोठा भाऊ नाही. 'तुम्ही या' एवढं सरळ लिहिता येईना, म्हणून चांगल्या गाडीला मोडकी म्हणतायत. तुम्ही या. आल्यावर दुसरा गिअर पहिल्या झटक्याला पडेल. तो तुमच्याच हातानं पडला असं गावभर सांगायचं, हे माऊलीला यांनी पढवून ठेवलंय. तेव्हा थोडं नवल वाटल्यासारखं करा.