जमणार नाही

प्रिय खडूस,

तुझी बदली होऊन वर्षं लोटली, तरी आपल्या संगणक खात्यात तुझ्या खुर्चीला अजून 'भांडखोर बाईंची खुर्ची' म्हणतात. शेजारच्या माझ्या खुर्चीवर आता दुसरंच कोणी बसतं. मी साहेबीण झाले ना! स्वतंत्र खोली, दाराशी शिपाई, आणि डबा एकटीने खायचा. एकदा मुद्दाम सगळ्यांत जाऊन बसले, तर हसणं एकदम थांबलं आणि जो तो खाली मान घालून जेवू लागला. पुन्हा गेले नाही.

खात्यातली भीती घालवायचीच, असा मी चंग बांधला होता. आधीच्या साहेबांना 'नाही' म्हणालीस आणि तुझी उचलबांगडी झाली, तेव्हापासून सगळ्यांनी होयबाची दीक्षाच घेतलेली. मी म्हटलं, नाव न देता मनातलं लिहा. आपल्या हुशार मंडळींनी त्यासाठी संगणकावर सोय केली, आणि आत शिरायला आधी कर्मचारी क्रमांक टाकायचा! मग काय, काम उत्तम, मॅडम उत्तम, कँटीनचा चहासुद्धा उत्तम. तू असतीस तर टेबल बडवून हसली असतीस. मी एकटीच हसले आणि मग रडूच आलं.

मग बैठकीत मी सगळ्यांत शेवटी बोलायचं ठरवलं. ज्याला अडचण दिसते त्याने आधी सांगायचं, त्याच्यावर कोणी डाफरायचं नाही. कित्येक आठवडे सगळे नुसते पंख्याकडे बघत बसायचे. आज मात्र आपल्या चाचणीवाल्या बाई, ज्या कधी तोंड उघडत नाहीत, उठून म्हणाल्या की नवी पेन्शन यंत्रणा एक तारखेला सुरू केली तर कितीतरी म्हाताऱ्यांची पेन्शन अडकेल, आणि आम्ही सगळे जमेल जमेल म्हणत तुम्हाला फसवतोय. मी आभार मानले, तसे बाकीचेही बोलू लागले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण सांगायला कोणी नव्हतं.

वरच्यांनी तारीख जाहीर करून टाकली आहे. उद्या मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय, आणि बहुतेक ही खुर्ची जाईल. बाईंना मी धीर दिला, मला कोण देणार? आरशासमोर बोलून पाहिलं, तर दर वेळी तोंडातून 'प्रयत्न करते' असंच निघालं. तुझ्याशी मात्र मला कधी खोटं बोलता आलं नाही. म्हणून आधी तुला सांगते. एक तारखेला जमणार नाही.

बघ, आलं गं लिहिता.

तुझीच,
तुझ्या डब्यातलं हक्काने खाणारी