सातुर्निनाआजींनी वाढवलेलं गाव

माझ्या लाडक्या आईस, नील्डाचा नमस्कार.

खोकला कमी आहे. सातुर्निनाआजी रोज गरम सूप पाजतात.

इथली जनगणना झाली; शाळेची बाई म्हणून मोजणी माझ्याकडेच होती. दहा वर्षांत चार जन्म, नऊ मृत्यू, आणि एकतीस जण ब्वेनोस आयर्सला गेले. शाळेत आठच मुलं उरली होती. दहा नसतील तर शाळा बंद. गावकरी म्हणाले, "गेलेल्यांची पोरंही इथलीच लिही ना, बाई."

आजी इथल्या सुईण. त्या म्हणाल्या, "कागदावरची पोरं शाळेत बसणार आहेत का? खोटं लिहू नकोस गं."

दुसऱ्याच दिवशी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या ट्रकमध्ये बसून डोंगराखाली पूरग्रस्तांच्या छावणीत गेल्या आणि पाच मुलांचं एक कुटुंब घेऊन आल्या. ब्वेनोस आयर्सला गेलेल्या आपल्या लेकाचं बंद घर त्यांनी त्या कुटुंबाला उघडून दिलं.

"लेक परत आला तर?" मी विचारलं.

"माझ्याकडे झोपेल," म्हणाल्या, आणि जरा वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या.

काल वर्गात तेरा मुलं होती.

रामिरोदादाचा चिलीहून फोन येतो का? आपल्याकडे मोजायला कुणी आलं तर दादाला त्यात धरू नकोस. मलाही नको, माझी मोजणी इथेच झाली. एकटं तुझंच नाव सांगावं लागेल. तेवढं सांग, आई.

तुझीच,
नील्डा