विलायती गाडीचा ब्रेक

औसा, ६ मार्च १९८३

गाडीचा बूस्टर मेला. इंजिनाची हवा ओढून ब्रेकला जोर देणारा डबा असतो म्हणे. हैदराबादेतही असला मिळेना. चन्नबसप्पा मिस्त्री म्हणाला, "डबाच काढू. नुसत्या पायाच्या जोरावर ब्रेक करून देतो."

गाडी बंद म्हणजे पाणी बंद. आडात नुसता गाळ. मागचं सीट काढून मळ्यातल्या विहिरीवरून ड्रम आणतो आम्ही. लातूर जिल्हा झाला, साहेब आले, त्यांच्या जिपा आल्या – पाणी तेवढं यायचं राहिलंय.

आम्ही म्हणजे मी आणि नातसून शिवगंगा. नातू विरूपाक्ष सोलापुरात नोकरीला. माझा लेक वीरण्णा – तिचा सासरा – दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून गाडी ती चालवते. उदगीरला बापाच्या जीपवर शिकली. डोक्यावर पदर, हात स्टेरिंगवर – मी शेजारी बसून रस्ता सोडून तिच्याकडंच बघते!

फक्त सासरा अंगणात असेतो ती गाडीत बसत न्हाई. तो आत गेला की निघतो. त्याला दिसतंय कुठं? पण रीत म्हणजे रीत.

९ मार्च

मिस्त्रीनं दोन मास्टर सिलिंडर आणले. पेडल दाबलं की चाकांकडं तेल ढकलतो तो हा. एकाची नळी रुंद, एकाची बारीक.

वीरण्णा म्हणाला, "मोठाच बसव. एवढी वजनदार गाडी, कंजूषपणा कशाला?"

मिस्त्रीनं रुंद बसवला. वीरण्णानं पाय देऊन बघितला. "झकास हाय." त्याचा पाय म्हणजे तेलघाण्यावर घडलेला. शिवगंगा चहा ठेवून आत गेली. चालवणारी कोण, हे कुणी काढलंच न्हाई. मीही गप्प. उगीच मिस्त्रीपुढं वीरण्णाला कमीपणा कशाला.

१० मार्च

जाताना रिकामी गाडी, कशीबशी थांबली. येताना ड्रम भरलेले, आणि तळ्याकडचा उतार. पोरीनं दोन्ही पाय दिले, पेडलवर उभीच राहिली म्हणा ना. गाडी बांधावर चढून थांबली. खाली शेरडं चरत होती. त्यांनी वर बघितलंसुद्धा न्हाई.

शिवगंगा म्हणाली, "आज्जी, दगडावर पाय दिल्यागत हाय."

दोघी बांधावर बसलो, ड्रममधलंच पाणी प्यालो.

१२ मार्च

वीरण्णाला मठात पाठवलं आणि मिस्त्रीला बोलावलं. खरं ते सांगितलं.

"अव्वा, आधी बोलायचं व्हतं की! मी मालकाच्या पायानं माप घेतलं."

"मालक समोर बसलेला. कसं बोलू?"

त्यानं समजावलं – बारीक पिचकारीला जोर कमी लागतो, पण दांडी लांबवर ढकलावी लागते. ब्रेकचं तसंच. बारीक नळीचं पेडल खोल जाणार, पाय मात्र हलका लागणार. खोल जाऊ दे की, आम्हाला कुठं शर्यतीला जायचंय?

बारीक बसवला. मी म्हटलं, रिकाम्या गाडीवर नको बघायला. ड्रम भरले, मिस्त्रीला मागं बसवलं, तोच उतार धरला. शिवगंगेनं एका पायानं थांबवली. पदरसुद्धा ढळला न्हाई. मिस्त्री मात्र भिजला. मी घरापर्यंत हसत आले.

२० एप्रिल

रीत एका दिवसापुरती बाजूला ठेवून शिवगंगेनंच वीरण्णाला लातूरला नेलं, डोळ्यांच्या ऑपरेशनला. पट्टी बांधून आणला. वाटेत म्हणतो, "चष्मा लागला की गाडीचं माझ्याकडं. सुनेला बाहेरचं काम पुरे झालं."

शिवगंगेनं घरी येऊन पाय धुतले, भाकरी थापायला बसली. आज भाकरी जाड झाल्या.

२५ एप्रिल

ऊन. आणखी काय लिहू.

११ जून

चष्मा आला. डोळे बशीएवढे दिसतात त्याचे. आल्या आल्या किल्ली मागितली. शिवगंगेनं दिली, आत वळली. मी शेजारी बसले.

वेशीपाशी म्हैस आडवी आली. वीरण्णानं घाण्यावरचा पाय दिला. गाडी जागच्या जागी ठप्प! त्याची टोपी काचेवर, मी टोपीवर. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

माघारी फिरला. अंगणात गाडी उभी करून त्यानं पेडल हळूच दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाला, "अव्वा, हा माझ्या पायाचा न्हाई."

"मिस्त्रीला बोलवू? तो रुंद सिलिंडर पडलाय अजून."

"राहू दे."

१२ जून

वीरण्णानं स्वतः दार उघडून धरलं. "बस, पोरी." ती बसली. तो तिच्या शेजारी.

मी मागं, ड्रमावर.