हाताचं भोक

दादा,

नमस्कार आहेच, पण आज भांडायला बसलोय.

कपडे बेतण्याचा माझा कॉम्प्युटर प्रोग्राम मी सगळ्यांसाठी फुकट आणि उघडा ठेवला, कुणीही वापरावा, कुणीही बदलावा, तेव्हा तू हसला होतास. आता तुझी कंपनी त्याचा ताबा मागतेय. "देऊन टाक, एकट्याच्या हातात तो मरेल," असं काल फोनवर म्हणालास.

एकट्याच्या?

कॉलेजचं तोंड न पाहता मी त्याची ओळ न् ओळ लिहिली, तेव्हा खरंच एकटा होतो. बाही जोडतात त्या जागेला मी 'हाताचं भोक' असं नाव दिलं होतं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कळवलं, "अहो, त्याला मुंढा म्हणतात. भोकं उंदीर पाडतात." मला झोंबलं, पण मी शब्द बदलला. मग त्या मैत्रिणींनाही घेऊन आल्या. आज त्यांतल्या दोघी कोड लिहितात आणि माझंही काम तपासतात. मी दवाखान्यात पडून होतो तेव्हा नवी आवृत्ती माझ्यावाचून निघाली, आणि चांगली चालली. मला रागच आला, खोटं कशाला बोलू!

तेव्हा ताबा मिळणार नाही. जे माझं एकट्याचं उरलंच नाही, ते मी देणारा कोण?

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुझ्या कंपनीला उत्तर आम्ही सगळे मिळून लिहितोय. त्यात माझं एकच वाक्य आहे, आणि तेही मंडळींनी दोनदा दुरुस्त करायला लावलंय.

तुझा धाकटा,
पण कुणाच्या धाकात नसलेला