सारवणाचा डावा हात

सारवलेली जमीन भुंडी ठेवायची नाही, हे तुम्ही माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसवलंत की त्यापायी माझी नात माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढलं तर मुकाट जेवायची, काही विचारलं तर मान हलवायची, आणि सगळं घर माझ्याकडे असं बघायचं, जसं काही मी कुणाचा खून केलाय. सासू म्हणून शिकवलंत तुम्ही, बोलणी खाल्ली मी. आत्याबाई, तुम्ही गेलात तेव्हा हिचा बाप, म्हणजे तुमचा नातू, हाफ चड्डीत होता. तो आता टेलिफोनच्या ऑफिसात आहे, टक्कल पडलंय, आणि त्याची ही मुलगी चित्रं काढते. चित्रं म्हणजे कॅलेंडरावर असतात तसली नव्हेत. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. अमूर्त म्हणतात त्याला. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मी म्हटलं, "मूर्तीच नाही, तर रिकामा देव्हारा मांडतेस कशाला?" ती हसली होती. तेव्हा हसायची.

आपली कुडाची खोली होती तिथेच आता बिल्डिंग आहे. बोरीवली तुम्हाला ओळखू यायची नाही. तबेला गेला, जंगलाकडच्या अंगाला गाईमागे शेणाला पाटी घेऊन धावायला लावायचात तो रस्ता डांबरी झाला. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, खाली मोझॅकची लादी, पुसली की झालं. पण दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले, की मला वाटतं ह्या लादीखाली, त्या खालच्या बिऱ्हाडाच्या लादीखाली, कुठेतरी तुमची जमीन अजून ओलीच आहे. ह्याच लादीवर ही पोरगी टेबल भिंतीला सरकवून कापड पसरते, माणूस आडवा झोपला तरी उरेल एवढं मोठं, आणि उकिडवी बसते. समोरच्या भिंतीकडून सुरुवात करते आणि मागे मागे दाराकडे सरकत येते. हातात फडकं. एक अर्धगोल फिरवते, त्याला लागून दुसरा, त्याच्यावर चढलेला तिसरा. रंग तरी कसले, मातकट, हिरवट काळे, मध्येच ओल्या शेणावर ऊन पडल्यावर दिसतो तसला पिवळा. एवढं कॉलेजात शिकून आली आणि हे! मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेली असते, आणि बघता बघता ती पुसट होते आणि तुम्ही दिसता. लुगडं वर खोचलेलं, बादली बाजूला, डावा हात कोपरापर्यंत हिरवा. हिचाही डावाच. दोन्ही वेळ त्याच हातानं जेवते, मी बघत नाही. तो माझ्याकडून आलेला नाही, माझ्या माहेरी सगळे उजवे.

मी नवी होते. सारवायला बसले की तुम्ही दारातून ओरडता, "पुसतंस काय गो? हात फिरय! जमनीक गुदगुल्यो होवक व्हयत." मी फिरवते. माझे गोल एका बाजूला वळतात, तुमचे दुसऱ्या. शेजारीण आली की उंबऱ्यातूनच सांगते, आज सासूनं सारवलंय वाटतं. तुमची जमीन पापलेटाच्या अंगासारखी दिसायची, खवल्याला खवला लागलेला, आणि दारातून उजेड आला की ती हलायची. एकदा मी विचारलं, तुम्ही सगळं उजव्या हातानं करता, मग सारवायलाच डावा का? तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "ह्या हाताक दुसरा काय करूक दिल्यानी कोणी?" चुलीला तो चालत नव्हता, देवाला चालत नव्हता, वाढायला नाही, हळदकुंकवाला नाही. मामंजींच्या समोर चुकून पुढे आला तरी ते खाकरायचे. शेणाला मात्र कुणाची हरकत नव्हती. मग त्या हाताच्या मनात जे काय होतं ते सगळं जमिनीवर उतरायचं.

आणि सारवून झालं की उठायच्या आधी रांगोळी. दोन बोटांत चिमूट धरून उंबऱ्याशी दोन रेघा, बस. एक दिवस मी कंटाळून तशीच उठले, तर केवढ्यानं ओरडलात, "भुंडी जमीन ठेवतंस? घरात कोण मेलो काय?" माणूस गेलं की सारवून तशीच ठेवतात, हे मला माहेरी कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर आजतागायत मी ते विसरलेली नाही. तेच नडलं.

मागच्या महिन्यात तिकडून, मुंबईतून, एक गृहस्थ आले चित्रं बघायला. त्यांच्याकडे हिचं पहिलं प्रदर्शन लागायचंय. भला माणूस, चपला दाराबाहेर काढल्या. कापडाभोवती फिरले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "तुमच्या घराण्यात कोणी चित्रकार होतं?"

"छे. आजोबा गिरणीत, बाबा टेलिफोनमध्ये. मी पहिलीच."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, तुम्ही काही काढता का?"

"उणीदुणी," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

दोघं हसली. पण ते 'पहिलीच' मला टोचलं. चहा ढवळत राहिले. पाहुण्यासमोर शेणाच्या गोष्टी काढल्या तर पोरीला लाज वाटायची. शिवाय मी कोण? हात तुमचा, रक्त तुमचं, मी आपली मधली, बादली भरून देणारी.

मग ती दुपार. प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र तिनं संपवलं आणि घरचा फोन बंद होता म्हणून खाली वाण्याच्या दुकानात फोन करायला गेली. मी बाहेर आले. गॅलरीतून ऊन आत आलं होतं, कापड ओलं होतं आणि खवल्याला खवला लागून हलत होतं. जवसाच्या तेलाचा वास होता, तरी मला शेणाचाच आला, खरं सांगते, ताज्या शेणाचा आणि पाणी शिंपडलेल्या मातीचा. तुम्ही दारात पाठमोऱ्या बसलेल्या. माझी सून नाही, मुलगा नाही, बिल्डिंग नाही, मी सोळा-सतरा वर्षांची आणि जमीन भुंडी. उंबऱ्याजवळच्या फळीवर रांगोळीचा डबा असतो. तो कधी उघडला ते मला कळलं नाही. दाराकडच्या कडेला दोन रेघा ओढल्या आणि त्याच कडेच्या कोपऱ्यात चार ठिपके दिले.

"आजी! हे काय केलंस!"

"भुंडी ठेवली होतीस."

"अगं, चित्र आहे ते! जमीन नाही!"

"मग जमिनीवर बसून काढतेस कशाला?"

एवढं बोलायला नको होतं, पण तोंड माझं, ते थांबतंय कुठे. तिनं फडक्यानं पुसायला घेतलं, तर रांगोळी तेलात अजूनच रुतली. पोरगी तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, तू पण ना. वर्षभराची मेहनत होती तिची." सुनेनं तर डबाच माळ्यावर टाकला. तेव्हापासून ते मौन. माफी मी मागितली नाही. अशुभ टाळलं त्याची माफी कसली मागायची? पण तिला भूक लागत नव्हती ते दिसत होतं, आणि रात्री पडल्या पडल्या मला एकच लागून राहायचं, की ही आता ते कापड फाडून टाकणार आणि तुमची जमीन ह्या घरातून दुसऱ्यांदा जाणार.

आज दुपारी ती आपणहून स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "ते पांढरं का घातलंस तू?" मग मी सांगितलं. पाटी, तबेला, गोल, तुमचा डावा हात, मामंजींचं खाकरणं, सगळं. सांगताना मी भाजी चिरत होते, तिच्याकडे बघितलं नाही. ती चिरलेली भाजी पातेल्यात टाकत राहिली. मग म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू पहिली होतीस ना." तिनं माझ्या पाठीत हळूच एक बुक्की मारली. तेव्हा मला कळलं, मिटलं.

मला हाताला धरून बाहेर नेलं. दाराकडची कड तिनं सुरीनं खरवडून साफ केली होती, माझ्या रेघा, ठिपके गेले होते, खालचं कोरं कापड दिसत होतं. "रेघ राहणार," म्हणाली, "पण मी काढणार. पणजी कुठल्या हातानं काढायची?" दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं तिनं नुकतीच पांढऱ्या रंगात बुडवली होती. उद्या सकाळी टेम्पो येणार आहे, चित्रं घेऊन जायला.

आता बघा, आत्याबाई. मामंजी घरात असले की तुम्ही उजव्या हातानं रेघ ओढायचात आणि ती थरथरायची, ते मी रोज पाहिलंय. पण ते गावाला गेलेले असले, की मी नळावरून पाणी घेऊन येईपर्यंत तुमचं सगळं आटोपलेलं असायचं, तुम्ही हात धुऊन चुलीपाशी बसलेल्या, आणि उंबऱ्याशी ती रेघ. सुतासारखी. जराही हललेली नाही. मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

"सांग ना गं," पोरगी म्हणते.

"डाव्या," मी म्हटलं. ठणकावून.

तिनं श्वास धरला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. एकदा, मग तिच्याखाली पुन्हा एकदा. आता बाहेर सुकतंय. मी आत ओट्यापाशी बसून हे लिहितेय, चौथीपर्यंतच्या अक्षरात, पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. डाव्या हातानं ओढताना मी बघितलं नव्हतं. एकदाही नाही. ठोकून दिलं, कारण मला तेच हवं होतं. खोटं असेल तर उद्या टेम्पो यायच्या आत येऊन सांगा. माझ्या स्वप्नात येऊ नका, मी भांडेन. तिच्या स्वप्नात या. आणि उत्तर तुमचं तुम्ही द्या, मामंजींना पुढे करू नका.