आवडाकाकींचा हप्ता

५ ऑगस्ट, मंगळवार

बेलिफ आला होता. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडला — "उत्तम शिवगण कोण?" बाबा मोरीत होते, ते बाहेरच येईनात. शेवटी मी सही करून नोटीस घेतली.

कल्याण कोर्टाची नोटीस. गावच्या आमच्याच वाडीतल्या आवडाबाईंनी वसुलीची दरखास्त लावलीय. २०१४च्या निकालाची! मला वाटत होतं ते कधीच मिटलं. कोलशेतची कंपनी बंद पडल्यावर बाबांनी टेम्पोसाठी त्यांच्याकडून दीड लाख घेतले, टेम्पो बुडाला, त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. मी तेव्हा सातवीत होते. पण पुढे चार वर्षं आई दर महिन्याला दोन हजार बाबांच्या हातात ठेवायची — "हा आवडाकाकींचा हप्ता." घोडबंदरच्या टॉवरमध्ये दोन घरचा स्वयंपाक करून मिळवलेले पैसे. हे मी स्वतः बघितलंय.

मग आता व्याजासकट साडेतीन लाख कसले? नाही भरले तर कोपरीची ही खोली जप्त!

६ ऑगस्ट

बाबांना पावत्या मागितल्या. नाहीत. एकही नाही!

"डोंबिवलीला वाडीच्या मंडळाची सभा असते ना महिन्याला, तिथेच द्यायचो हातात."

"आणि पावती?"

"आपल्या वाडीतली बाई. तिच्याकडे पावती मागू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

आमच्या लोकांचं हे असंच. वाडीतल्या माणसाकडे कागद मागितला की अपमान होतो. आणि ती वाडीतलीच बाई कागद घेऊन कोर्टात जाते, तेव्हा कुणाचा अपमान होत नाही!

९ ऑगस्ट

विधी सेवा केंद्रात वकीलबाई भेटल्या. फी नाही. नीट ऐकून घेतलं. कायदा आपल्यासारख्यांसाठी नसतो असं बाबा म्हणतात — असतो, विचारायला जावं लागतं.

पण जे कळलं ते वाईट. कोर्टाबाहेर दिलेले पैसे वेळेत कोर्टाला कळवले नाहीत, तर कोर्टाच्या लेखी ते दिलेच नाहीत. आणि निकाल बारा वर्षं जिवंत असतो. म्हणजे आवडाबाई अकरा वर्षं गप्प बसल्या आणि मुदत संपायच्या आत उठल्या. कुणीतरी शिकवलंय.

वकीलबाई म्हणाल्या, तडजोड कर. १३ सप्टेंबरला लोकअदालत आहे. "तिथे ठरलं की ठरलं. त्या निवाड्यावर अपील नाही, लक्षात ठेव." लक्षात ठेवलं. घरी सगळ्यांना सांगितलं.

१७ ऑगस्ट, रविवार

डोंबिवलीला गेले. एकटीच. बाबा म्हणाले, "नको जाऊस, उगाच शब्दाला शब्द वाढतो." मी म्हटलं, आपण चोर नाही.

आवडाबाईंचं पोळीभाजी केंद्र अजून चालू आहे. एका खुर्चीवर बसून पोळ्या लाटत होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर पसरलेले. मला ओळखलंच नाही. मग एकदम, "अगो, उत्तमाची संचिता! केवढी झालीस! काय शिकलीस?" बी.कॉम. सांगितल्यावर पिठाच्या हाताने गाल ओढला. गोड बोलून सुरुवात! मी सावधच होते.

हप्त्यांचं विचारलं.

"हप्ता? कुठला गो हप्ता? तो मला रस्त्यात बघून गल्ली बदलतो."

काय अभिनय! डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या. मी आवाज चढवला. चार वर्षं दर महिन्याला माझ्या आईने दिलेत, म्हटलं.

तेवढ्यात त्यांचा भाचा ऋतुराज आला. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात गाडीची किल्ली. "मावशीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. म्हणून लावली दरखास्त. पैसे दिले म्हणता, तर दाखवा ना पुरावा."

ऑपरेशन की भाच्याच्या फ्लॅटचं बुकिंग? शिकवणारा कोण ते कळलं!

१८ ऑगस्ट

आई म्हणाली, "आवडाबाई आवडाबाई काय लावलंयस. काकी म्हण."

नाही म्हणणार.

२४ ऑगस्ट, रविवार

मंडळाचे चिटणीस पंढरीकाका यांना गाठलं. गणपतीला गावी जायच्या बसच्या सीट वाटून देत होते, फोन कानाला. साक्ष द्याल का विचारलं.

"देताना मी बघितलं नाही गं. पण उत्तमचा शब्द म्हणजे शब्द. आणि आवडालाही कळायला हवं, वाडीतल्या माणसाला दुसऱ्यांदा कोर्टात खेचायचं? येतो मी. समजावतो तिला."

केवढा आधार वाटला! बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला कशाला मध्ये घेतलंस?" आणि शर्ट चढवून बाहेर गेले. बाबांची ही भीड! म्हणूनच लोक यांना फसवतात.

४ सप्टेंबर

ऋतुराजचा फोन. दोन लाख द्या, मिटवू. मी म्हटलं, एक लाख दहा हजार, तेही हप्त्याने.

"तुमचा काही हिशोब आहे की नाही?"

"आहे. दिलेले वजा करून."

"न दिलेले वजा करताय तुम्ही!"

फोन कापला.

१३ सप्टेंबर, शनिवार

जिंकले!

नीट लिहिते. कल्याण कोर्टात ही गर्दी. आमचा नंबर दुपारी आला. आवडाबाई ऋतुराजच्या दंडाला धरून एक-एक पायरी चढल्या. बाबा त्यांच्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभे राहिले. पंढरीकाका आवडाबाईंजवळ बसून समजावत होते — मंडळाची इज्जत, उत्तमचं घर, गरिबाची पोरगी.

लोकअदालतीच्या पॅनलसमोर मीच बोलले. न घाबरता. सरळ आवडाबाईंनाच विचारलं, "आठवून बघा. सभेच्या दिवशी, हातात. चार वर्षं. माझी आई उपाशी राहून द्यायची."

त्या म्हणाल्या, "एवढी शिकलेली पोर खोटं कशाला बोलेल? हल्ली गॅसवर भाजी ठेवल्याचंही विसरते मी. दिले असतील. माझंच डोकं चालत नसेल."

"मावशी, तू काही विसरलेली नाहीस! सही नको करूस!" — ऋतुराज.

"गप रे. मला पुन्हा हे जिने चढवणार नाहीत."

पॅनलच्या मॅडमनी दोनदा विचारलं, स्वखुशीने ना? हो म्हणाल्या. एक लाख दहा हजार, अकरा हप्ते. सही केली. खोली वाचली!

बाहेर आल्यावर आईने माझा हात सोडलाच नाही. मी पेढे घेतले. बाबांनी खाल्ला नाही, पित्त झालंय म्हणाले.

१४ सप्टेंबर

एकच डोक्यात राहतंय. पैसे खाल्लेलं माणूस "माझंच डोकं चालत नसेल" असं कशाला म्हणेल? हाही डावच असणार. पण कशासाठी? सही तर केली.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पहिला हप्ता देण्यासाठी दहा हजारांचा चेक लिहिला. बाबांना म्हटलं, "आता मिटलंय सगळं. तुम्हीच जाऊन द्या, दोन शब्द बोलाल तरी."

"मला नको पाठवू."

"का पण?"

आई डबा भरत होती. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "मी तिला एकही हप्ता दिला नाही."

आईने विचारलं, "मग माझे पैसे?" बाबांनी चप्पल घातली आणि ते खाली उतरले.

निवाड्यावर अपील नाही.